अनुभव धागा: ख्रिस्ती म्हणून बोलताना नेमकं काय बोललात?

बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा तिसरा अध्याय आपल्यापैकी बहुतेकांनी शब्बाथशाळेत नाहीतर धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकलेला असतो. ज्या तोंडाने देवाची स्तुती करायची त्याच तोंडाने माणसाला शाप देऊ नये, हे सगळ्यांना पाठ आहे. पण प्रसंग येतो तो मयताच्या घरी, कमिटीच्या बैठकीत, ऑफिसच्या डब्याच्या वेळी, नाहीतर सासरी. तिथे कोणतं वाक्य बोलायचं हे कोणी शिकवत नाही. म्हणून हा धागा. वचनांची यादी नको, प्रवचनही नको. प्रसंग काय होता आणि तुम्ही किंवा तुमच्यासमोर कोणी काय बोललं, ते लिहा. खरं ते सांगूनही समोरच्याचा मान राखणारी माणसं मला फार मोलाची वाटतात, तेव्हा अवघड प्रसंग जरूर येऊ द्या.

मिरज, निवृत्त परिचारिका

माझी बरीचशी नोकरी प्रसूती विभागात झाली. मूल दगावलं की नातेवाईक येतात आणि एकामागून एक बोलू लागतात. आपली मंडळीही त्यात मागे नसते. ‘देवाची काही योजना असेल’, ‘प्रभूला ते जास्त आवडलं’, ‘वय आहे अजून, दुसरं होईल’. हेतू चांगलाच असतो. पण त्या बाईला हेच मूल हवं होतं ना!

आमच्याकडे एक वयस्कर सिस्टर होत्या. त्या स्टूल ओढून बसायच्या, हात हातात घ्यायच्या आणि बऱ्याच वेळाने विचारायच्या, ‘नाव काय ठरवलं होतं गं?’ मग ती बोलू लागायची. नाव कोणी सुचवलं, पोटात किती लाथा मारायचं, टोपरं कोणी विणलं. सिस्टर फक्त ऐकायच्या. ‘प्रार्थना करू का?’ असं विचारूनच प्रार्थना करायच्या आणि तिच्यात ते नाव घ्यायच्या. कोणी ‘नको’ म्हटलं तर ‘बरं’ म्हणून तशाच बसून राहायच्या, उठून जायच्या नाहीत.

बायबलमधल्या ईयोबावर दुःख कोसळलं तेव्हा त्याचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि एक शब्दही बोलले नाहीत. तोवर त्यांचं काही चुकलं नव्हतं. नंतर ते त्याच्या दुःखाची कारणं त्यालाच समजावू लागले. सांत्वनाला जाणाऱ्या प्रत्येक महिला मंडळाने तो भाग वाचून मगच घराबाहेर पडावं, असं मला कळकळीने वाटतं.

अहिल्यानगर, मंडळीच्या (चर्चच्या) कमिटीतले एक सदस्य

खजिनदारांच्या हिशेबात एका रकमेची पावती नव्हती. बैठकीआधीच कुजबुज सुरू झाली. आमच्यातले एक वडीलधारे म्हणाले, ‘आधी मी त्यांच्या घरी जाऊन येतो, तोवर कोणी विषय काढू नका.’ मत्तय 18:15 मध्ये नेमकं हेच सांगितलं आहे, आणि आपण नेमकं हेच टाळतो.

खजिनदारांनी ते पैसे एका गरजू मुलाच्या कॉलेजच्या फीसाठी ठराव न करताच दिले होते. ते वडीलधारे त्यांना म्हणाले, ‘तुमचं मन चांगलं आहे, पण हे चुकलं. पैसा मंडळीचा आहे. बैठकीत तुम्हीच सांगा, मी शेजारी बसतो.’ त्यांनी सांगितलं. थोडी नाराजी झाली, पण ठराव झाला. खजिनदार आजही उपासनेला येतात. चारचौघांत आरोप झाला असता तर ते कुटुंब आम्ही कायमचं गमावलं असतं.

वसई, बँक कर्मचारी

2019 मध्ये उस्मानाबादच्या (आताचं धाराशिव) 93व्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटोंची निवड झाली आणि विरोध सुरू झाला. डबा खाताना एक सहकारी मला म्हणाले, ‘धर्मगुरूचा साहित्याशी काय संबंध?’ राग आला होता. हरित वसईसाठी लढलेला, ‘सुवार्ता’ मासिकाचं संपादन केलेला माणूस! मी म्हटलं, ‘दादा, विचारलंत ते बरं झालं. माझ्याकडे त्यांचे लेख आहेत, उद्या आणते. वाचून मग बोलू.’ त्यांनी वाचले. सगळे पटले नाहीत, तेही त्यांनी सांगितलं. पर्यावरणावरचा एक मात्र घरी ठेवून घेतला. आशेचं कारण विचारणाऱ्याला सौम्यतेने उत्तर द्या, असं बायबलमध्ये पेत्राने लिहिलंय. त्यासाठी समोरच्याचा प्रश्न हा खरोखर प्रश्न आहे असं आधी धरून चालावं लागतं.

मडगाव, मराठीचे शिक्षक

वरच्या अनुभवावरून आठवलं. फादर थॉमस स्टीफन्सचं ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये छापलं गेलं, तेही ओवीबद्ध. त्यात श्रोते शंका विचारतात आणि पाद्री गुरू उत्तरं देतात. इंग्लंडहून आलेल्या माणसाने इथल्या लोकांशी त्यांच्या भाषेत, त्यांच्या ओळखीच्या छंदात बोलायचं ठरवलं, हा मला मोठा आदर वाटतो. वर्गात मी हे आवर्जून सांगतो.

पुणे, गृहिणी

माहेर ख्रिस्ती, सासर हिंदू. पहिल्या गणपतीत सासूबाई म्हणाल्या, ‘आरतीला ये.’ मी रात्रीच त्यांच्याशी बोलले. ‘आई, मी आरतीला उभी राहणार नाही, माझ्या विश्वासात ते बसत नाही. पण घरचं काम माझंच आहे. मोदक मी वळते, पाहुण्यांचं मी बघते.’ त्या गप्प झाल्या. वाईट वाटलं त्यांना, आणि ते मला दिसत होतं. मी मूर्तीबद्दल एक शब्दही बोलले नाही. सकाळी त्यांनी खोबरं खवायला माझ्याकडे दिलं.

नाशिक

ताई, पाहुण्यांनी सगळ्यांसमोर विचारलं तर? आमच्याकडे तेच अवघड होतं.

पुणे, गृहिणी

विचारतात. ‘मी येशूची प्रार्थना करते, मावशी,’ एवढं सांगते आणि त्यांच्या तब्येतीची चौकशी करते. कोणी आणखी खोदलं तर ‘निवांत बोलू, तुम्ही पुन्हा या’ म्हणते. एक मावशी खरंच आल्या, नाताळात. सासूबाईंनीच त्यांना करंज्या दिल्या आणि मला म्हणाल्या, ‘आता सांग त्यांना तुझं.’