शब्दचर्चा: 'लोहविद्युत' आणि 'प्रकाशविद्युत' इथे चालतील का?

पाषाणरोड
28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनाच्या निमित्ताने, पुण्यातल्या बऱ्याच प्रयोगशाळा लोकांसाठी खुल्या असतात. आमच्याकडे आठवी-नववीची मुलं येतात, त्यात मराठी माध्यमाची पुष्कळ. त्यांच्यासाठी फलक लिहायला घेतलाय. फेरोइलेक्ट्रिक म्हणजे ज्यातलं विद्युत ध्रुवण (धन-ऋण भार किंचित वेगळे होऊन एका दिशेला राहणं) व्होल्टेज देऊन उलटवता येतं असा पदार्थ. त्याच्या थिन फिल्मवर उजेड पडला की व्होल्टेज मिळतो, तो विषय. मसुद्यात मथळा आहे, "लोहविद्युत तनुपटलातील प्रकाशविद्युत परिणाम". लॅबमध्ये आम्ही दिवसभर "फिल्म", "पोलिंग", "लूप आला का?" असंच बोलतो. हा मथळा वाचून मुलांना नेमकं काय कळेल?

शब्दसखी
'तनुपटल' काढाच. 'पापुद्रा'ही नको, पापुद्रा सुटतो. तुमची फिल्म खालच्या काचेवर किंवा स्फटिकावर घट्ट बसलेली असते ना? मग 'पातळ थर' पुरे. 'लोहविद्युत' मात्र मला आवडला, 'लोहचुंबक' ओळखीचा असल्यामुळे लगेच रुळेल.

भौतिकप्रेमी
शब्दसखी, थराबद्दल एकदम मान्य. 'लोहविद्युत'ला माझा ठाम विरोध आहे, आणि कारण तुम्ही म्हणता तेच: लोहचुंबक ओळखीचा आहे. त्यात लोखंड खरोखर असतं, म्हणून मूल इथेही लोखंड शोधणार. 1920 साली जोसेफ व्हॅलासेक यांना हा गुण सापडला तो रोशेल सॉल्टमध्ये. ते सोडियम-पोटॅशियमचं टार्टरेट, त्यात लोहाचा कणही नाही. बेरियम टायटनेटमध्येही नाही. 'फेरो' आलं ते वागणुकीच्या साम्यावरून. बाहेरचं क्षेत्र उलटसुलट केलं की आलेखावर चुंबकत्वाचा जसा बंद वळसा, म्हणजे लूप, मिळतो, तसाच इथे ध्रुवणाचा मिळतो.

यात एक मोठी फसगत आहे. प्रकाशाच्या या कामात सर्वांत जास्त नाव होतं ते बिस्मथ फेराइटचं, आणि त्यात लोह आहे! मुलाला वाटणार, बरोबरच आहे की. पण तिथलं विद्युत ध्रुवण मुख्यतः बिस्मथमुळे येतं, लोहाच्या वाट्याला चुंबकत्व. म्हणजे शब्द जिथे खरा वाटतो तिथेच तो सर्वांत चुकीचं शिकवतो.

शब्दसखी
पटलं. मग 'स्वयंध्रुवित'?

भौतिकप्रेमी
अर्थ जवळ जातो, पण अर्ध्यावर थांबतो. टुरमलीन हे खनिजही स्वयंध्रुवित आहे, तरी ते फेरोइलेक्ट्रिक नाही, कारण त्याचं ध्रुवण बाहेरून व्होल्टेज देऊन उलटवता येत नाही. उलटवता येणं हा या पदार्थांचा प्राण आहे. म्हणून 'फेरोइलेक्ट्रिक' तसाच ठेवावा आणि खाली एका वाक्यात अर्थ द्यावा.

'प्रकाशविद्युत परिणाम' हे नाव तर आधीच दिलेलं आहे. प्रकाशाने धातूच्या पृष्ठभागातून इलेक्ट्रॉन बाहेर उडतात तो परिणाम, ज्याच्या स्पष्टीकरणासाठी आइनस्टाइन यांना 1921 चं नोबेल मिळालं. इथे इलेक्ट्रॉन बाहेर पडत नाहीत, आतल्या आत सरकतात आणि दोन टोकांत व्होल्टेज तयार होतो. 1839 मध्ये बेकरेल यांनी पाहिला तो हा प्रकार. 'फोटोव्होल्टाइक' लिहा. सौर पॅनेलमुळे तो शब्द आता गावोगाव पोचलाय.

पाषाणरोड
आणि 'बल्क फोटोव्होल्टाइक', म्हणजे सांध्यात नाही तर पदार्थाच्या सगळ्या अंगात होणारा? फलकाचा गाभा तोच आहे. सिलिकॉनच्या घटात दोन प्रकारचं सिलिकॉन जिथे भिडतं तिथे विद्युतभार वेगळे होतात आणि एका घटाचा व्होल्टेज 0.6 व्होल्टच्या आसपास राहतो. फेरोइलेक्ट्रिकमध्ये असा सांधा लागत नाही. स्फटिकाची रचनाच एकांगी, म्हणून भार आपोआप एका दिशेला जातात. लिथियम निओबेटमध्ये 1974 साली हे ठळकपणे दिसलं. बिस्मथ फेराइटची ऊर्जा-दरी (इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी किमान ऊर्जा) 2.7 इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास आहे, म्हणजे नेहमीच्या घटात व्होल्टेज 2.7 व्होल्टच्या वर जात नाही, पण 2010 मध्ये त्याच्या थरांतून त्याहून कितीतरी जास्त व्होल्टेज मिळाल्याचं प्रसिद्ध झालं.

शब्दसखी
'बल्क'साठी 'स्थूल' नको, मुलं जाड समजतील. 'अंगभूत' कसा वाटतो? जोडणीतून आलेला नाही, अंगचाच.

भौतिकप्रेमी
'अंगभूत' फार छान! मात्र 2010 च्या त्या प्रयोगाला हा शब्द सरसकट लावू नका. तिथे ध्रुवणाच्या दिशा जिथे बदलतात, त्या प्रक्षेत्र-भिंतींना श्रेय दिलं होतं. आणि प्रवाह अगदी क्षीण असतो हेही लिहा, नाहीतर मुलं घरी जाऊन सांगतील की छतावरची पॅनेलं आता बदलायची. बिस्मथ फेराइट शोषतं ते प्रामुख्याने निळा-जांभळा प्रकाश, बाकीचं बहुतेक ऊन वायाच जातं.

'पातळ'चं महत्त्वही सांगा. 100 नॅनोमीटरच्या थरावर 5 व्होल्ट दिले की जेवढं क्षेत्र तयार होतं, तेवढंच 1 मिलिमीटर जाडीच्या स्फटिकात हवं असेल तर 50,000 व्होल्ट लागतील. म्हणून पातळ थरात ध्रुवण सहज उलटवता येतं.

पाषाणरोड
आता मथळा असा: "फेरोइलेक्ट्रिक पातळ थर: उजेडातून व्होल्टेज". खाली पहिलं वाक्य: "या पदार्थांना अंगचंच विद्युत ध्रुवण असतं आणि व्होल्टेज देऊन ते उलटवता येतं, ते उलटलं की उजेडात मिळणाऱ्या प्रवाहाची दिशाही उलटू शकते." 'पोलिंग'ला, म्हणजे व्होल्टेज देऊन ध्रुवण एका दिशेला वळवण्याला, अजून शब्द सापडलेला नाही.

शब्दसखी
'ध्रुवण लावणे' म्हणा. विरजण लावतो तसं क्रियापद आपल्याकडे तयारच आहे.