फाउंड्रीच्या गावात शिसं ओतायला एवढं भ्यायचं कशाला?

कळंब्याचा_गळवाला:
मासे धरायच्या गळाची वजनं मी घरीच ओततो, चार वर्षं झाली. परवा भंगारातनं जुन्या केबलवरचं शिसं आणलं, ठोकून ठोकून गोळा केलेला आठ किलोचा लगदा, आणि जिन्यात शेजारच्या काकांनी असं बघितलं की मी बॉम्बच घरात नेतोय. कोल्हापूरच्या उद्यमनगरात भट्ट्या बघत मोठी झालेली माणसं आपण, बीड म्हणजे ओतीव लोखंड ओतायचं तर साडेअकराशे डिग्रीच्या वर जायला लागतं, शिसं ३२७ ला पाघळतंय, गॅसच्या शेगडीवर. त्याचं काय एवढं घेऊन बसायचं? माझी अडचण वेगळीच हाय. लगदा कढईत मावत नाही. हॅक्सॉ लावला तर दहा घासात पात्याचे दात भरले, नुसतं पॉलिश व्हायला लागलं. ग्राइंडर लावू काय?

फिटर_उद्यमनगर:
ग्राइंडर लावू नकोस रे बाबा. चाक भरतंय ते सोड, जी धूळ उडंल ती नाकात, केसात, शर्टावर. शिसं छिन्नीनं तोडायचं. रुंद धारेची छिन्नी, खाली लाकडाचा ओंडका, वरनं हातोडा, धारेला मधनं मधनं तेलाचं बोट लावायचं म्हणजे रुतून बसत नाही. दोन्हीकडनं खाच पाडली की वाकवून मोडतंय. करवतच पायजे तर जाड दाताचं पातं घे, रॉकेल लावत सावकाश ओढ.

आणि केबलचा लगदा म्हणालास म्हणून सांगतो, तो तोडून उघडायलाच पायजे. घडीत पाणी, ओला कागद, डांबर काय बी अडकलेलं असतं. पाघळलेल्या शिशात तसला ओला तुकडा टाकलास तर पाण्याची क्षणात वाफ होते आणि सगळी कढई तोंडावर येते. तुकडे वाळव, गार कढईत भर, मग खाली जाळ लाव.

हुपरीचा:
गळवाल्याला सपोर्ट. आमच्या गावात घराघरात चांदी आटवतात, ती ९६२ डिग्रीला. लहानपणी गल्लीत कल्हईवाला बसायचा, आम्ही पोरं भोवतीनं बसून धूर खायचो. काय झालं आम्हाला?

दोन_पोरांची_आई:
दादा, कल्हई कथलाची असते, शिशाची न्हवं. कथील २३२ ला वितळतं, दिसायला सारखं म्हणून एक होत नाही. आणि "काय झालं आम्हाला" हे काय उत्तर झालं व्हय? शिसं अंगात गेलं की हाडात जाऊन बसतं, वर्षानुवर्षं. मोठ्या माणसाला कळत बी नाही. बारक्या पोराच्या मेंदूवर होतंय ते परत भरून येत नाही, जागतिक आरोग्य संघटना सरळ म्हणते की रक्तात शिशाचं सुरक्षित असं प्रमाणच नाही. आमचे मालक पण गच्चीवर ओततात, त्याच गच्चीवर मी सांडगे वाळत घालतो आणि धाकटी पोरगी रांगते. मी किती वेळा भांडलो असेन.

कळंब्याचा_गळवाला:
वहिनी, पण धूर निघतो कुठं? शिसं उकळतं १७४९ ला. मी ३७० च्या वर जातच नाही, थर्मामीटर हाय माझ्याकडं.

दोन_पोरांची_आई:
धुराचं मान्य. पण वर जी राखाडी साय येते ती चमच्यानं काढून कुठं टाकता? ती वाळली की भुकटी. तिथनं चपलेला, चपलेतनं घरात, आणि पोरगं फरशीवरचं बोट तोंडात घालतं. धुरापेक्षा तीच वाईट.

पंक्चरवाला_शिरोली:
विकत कशाला घेताय, बॅटरीच्या प्लेटा फुकट मिळतील की. नाहीतर चाकाची बॅलन्सिंगची वजनं.

फिटर_उद्यमनगर:
प्लेटांना हात लावू नका! ॲसिड तर असतंच, वर अँटिमनी, आर्सेनिक पण असतं, वितळवल्यावर वर येणाऱ्या त्याच्या मळीला ओल लागली की विषारी वायू होतो. जुनी बॅटरी द्यायची कुणाला त्याचे २०२२ चे नियम हायत, ती दुकानात परत दे. चाकाची वजनं चालतील, पण आता बरीच जस्ताची नाहीतर लोखंडाची येतात. लोखंड चुंबकाला कळतं. फरशीवर टाकून बघ, जस्त टणकन वाजतं, शिसं धप्पकन पडतं, नखानं ओरखडा पण उठतो. जस्त ४१९ ला वितळतं, ते मिसळलं तर ओतकाम बिघडलंच.

रेंजवरचा:
मी एअर रायफल मारतो. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, स्वप्निल कुसाळे या नेमबाजांच्या जिल्ह्यात राहून मारणार नाही तर काय. पेलेटं म्हणजे छर्रे शिशाचेच असतात, आणि आमच्याकडे पहिल्या दिवसापासून शिस्त एकच, हात धुतल्याशिवाय चहा नाही. म्हणजे शिसं हाताळता येतं. पण स्वयंपाकघराच्या शेगडीवर? नाही. आणि बाहेरच्या देशातले घरी बंदुकीच्या गोळ्या ओतायचे व्हिडिओ बघून कुणाच्या डोक्यात तसलं काही असेल तर काढून टाका, १९५९ चा शस्त्र कायदा आहे, परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं गुन्हा आहे. गळाच्या वजनाला बंदी नाही, पण इंग्लंडमध्ये हंस मरायला लागले म्हणून १९८७ पासून छोटी शिशाची वजनं बंद केली. तुटलेली तुमची वजनं कळंब्याच्या तलावाच्या तळात किती पडलीत कधी मोजलंय? लोखंडी नट बांधा की!

कळंब्याचा_गळवाला:
नट बांधून बघितलाय. शिसं पाण्याच्या ११.३ पट जड, लोखंड पावणेआठ पट, तेवढ्याच वजनाला नट केवढा मोठा होतो, वर दगडात अडकतोय, तंगूस तुटतोय, म्हणजे तळात माझा नट आणि वर मी बोंबलत. हंसांचं मात्र मला खरंच माहीत नव्हतं.

बरं, छिन्नीनं तोडतो. शेगडी मळ्यात नेतो, वारा पाठीमागनं घेऊन. पण बंद करणार नाही, आधीच सांगतो.

फिटर_उद्यमनगर:
कढई परत घरात आणू नकोस. ॲल्युमिन्यमची असली तर भंगारात घाल, बिडाची घे.

हुपरीचा:
आमची चांदी घरातच आटणार, काय करता करा.

दोन_पोरांची_आई:
मळी डब्यात झाकण लावून ठेवा. गच्चीवर झाडू मारू नका, ओल्या फडक्यानं पुसा आणि फडकं पण टाकून द्या. हे सगळं मालकांना वाचून दाखवलं. ते विचारायला लागलेत, आठ किलोतलं दोन किलो द्याल काय.