मदत हवी आहे : 'मॉर्टगेज'मधलं नेमकं काय मेलेलं?

नमस्कार मंडळी. आम्ही तासगावकडचे. पुतणी यंदा वकिलीला गेलीय, तिच्यासोबत घरातली जुनी गहाणखतं वाचतेय.

'मॉर्टगेज' इंग्रजीत आला जुन्या फ्रेंचमधून. 'मॉर' म्हणजे मेलेला, 'गाज' म्हणजे तारण. (आजचे फ्रेंच लोक मात्र 'इपोतेक' म्हणतात.) पण तारण मेलेलं का? सतराव्या शतकातले इंग्रज कायदेपंडित एडवर्ड कोक सांगतात : कर्ज फिटलं नाही तर जमीन ऋणकोला मेली, फिटलं तर धनकोला. ऐकायला छान, पण मला त्याआधीचा, बाराव्या शतकातला अर्थ जास्त पटतो. जमीन सावकाराच्या ताब्यात, पीक तोच खाणार आणि त्यातला दाणाही कर्जातून वजा होणार नाही, ते मेलेलं तारण.

हे वाचलं आणि आमचा कागद आठवला. कब्जेगहाण आहे, त्यात स्पष्ट लिहिलंय : 'उत्पन्न व्याजापोटी खावे'. म्हणजे मुद्दल जागच्या जागी! नजरगहाणात निदान जमीन कसणाऱ्याकडेच राहायची.

आता प्रश्न. पिकाचे पैसे मुद्दलातून वळते होऊन जमीन आपोआप सुटायची, अशा गहाणाला सांगली-साताऱ्याकडे वेगळं नाव होतं का? जुने दस्तलेखक, वकील, मोडी वाचणारे कुणी असाल तर कृपया सांगा. घरी तसा कागद असेल तर नावं आणि गट नंबर झाकून तेवढ्या ओळींचा फोटो टाकलात तरी फार मदत होईल.