'दोन्ही चालेल' हा पर्याय हवाच
दोन पर्यायांच्या पोलमध्ये 'दोन्ही चालेल' असा तिसरा पर्याय दिला तर लोक विचारच करणार नाहीत, असं म्हटलं जातं; ते मला पटत नाही. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टँकरच्या वेळेसाठी पोल टाकला होता: सकाळी सहा की रात्री नऊ. ४८ घरांतून मतं आली १९. बाकीच्यांनी पोलकडे लक्षच दिलं नाही, की त्यांना दोन्ही वेळा चालत होत्या, कळायला मार्गच नाही. शेवटी सेक्रेटरी काकू गुडघे धरत चार मजले चढून दारोदार विचारत फिरल्या.

याची 'नोटा'शी गल्लत नको. २०१३ पासून मतदानयंत्रावर असलेला नोटा म्हणजे 'यातलं कोणीच नको'. इथे उलट, कोणतंही चालणार असतं. म्हणून 'दोन्ही चालेल'ची मतं किती जणांनी मत दिलं या हजेरीत धरा, बहुमत मोजताना वगळा. फक्त हा नियम पोल टाकतानाच लिहा, निकालानंतर नाही.