मदत हवी आहे: नेरूळमध्ये रात्रीसाठी मावशी

नमस्कार. माझं खुब्याचा सांधा बदलायचं ऑपरेशन झालंय, वॉकरवर चालते. ९० अंशांपेक्षा जास्त वाकायचं नाही, मांडी घालायची नाही. त्यात ह्यांची केमो चालू आहे, खारघरला टाटाच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये. रात्री ह्यांना उलटी झाली की मी कशीबशी उठते, पण खाली ठेवलेलं घमेलं उचलता येत नाही. फार जीव तुटतो हो.

रात्री राहून दोघांचंही बघेल अशी विश्वासू मावशी कोणाच्या माहितीत आहे का? ब्युरोवाले एकाच पेशंटचं बघू म्हणतात. केमोला मला सोबत जायचंच आहे, त्यासाठी उंच सीटची गाडी आणि सावकाश चालवणारा ड्रायव्हरही हवाय. कमोडवर बसवायची उंच सीट भाड्याने कुठे मिळेल? स्वतःचा अनुभव असेल तरच नाव सुचवा, प्लीज.