नमुना मोठा म्हणजे संशोधन भक्कम?

कुणीतरी लिहिलंय की तीनशे शेतकऱ्यांकडून प्रश्नावली भरून घेतली की कृषी विस्तारातलं, म्हणजे शेतीचं नवं ज्ञान शेतकऱ्यांपर्यंत पोचवण्याच्या कामावरचं, संशोधन भक्कम होतं. मला नाही पटत. तुलना कुणाशी केली, हे आधी बघायला हवं. शेतीशाळेला, म्हणजे शेतकऱ्यांना हंगामभर शेतातच शिकवणाऱ्या वर्गाला, बहुधा जातो कोण? ज्याच्या विहिरीला पाणी आहे, कृषी सहायकाशी ओळख आहे, तो. मग त्याचं उत्पादन जास्त निघालं तर श्रेय शाळेचं की विहिरीचं?

इंडोनेशियात भातावरच्या एकात्मिक कीड व्यवस्थापनासाठी (नुसत्या फवारणीवर न विसंबता वेगवेगळ्या उपायांनी कीड आटोक्यात ठेवण्यासाठी) १९८९ मध्ये शेतीशाळा सुरू झाल्या. आपल्याकडच्या शेतीशाळा त्याच वळणाच्या. तिथली १९९१ आणि १९९९ ची माहिती घेऊन संशोधकांनी शाळेत गेलेले, त्यांचे शेजारी आणि शाळा न पोचलेल्या गावांतले शेतकरी यांच्यातला बदल ताडून पाहिला. २००४ च्या त्यांच्या लेखात उत्पादनात किंवा कीटकनाशकांच्या वापरात लक्षणीय फरक दिसला नाही. निष्कर्षावर वाद घाला खुशाल, पण मांडणी अशी की वाद घालता येतो.

आपल्याकडचे बरेच प्रबंध प्रशिक्षण संपताच चाचणी घेतात, वय-शिक्षण-जमीनधारणेशी सहसंबंध काढतात आणि थांबतात. शिकलेलं दोन हंगामांनंतर शेतात उरलं का, कुणी मध्येच सोडलं आणि का, हे विचारायचं राहूनच जातं. शिवाय उत्तरदाते सातबाऱ्यावरून निवडले की निंदणी-वेचणी करणारी बाई यादीतच येत नाही. कारण उतारा नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असतो.