बाबांची गाडी पुढच्या कोपऱ्यात ठोकली गेलीये, घरी किती दुरुस्त करता येईल?

निळी_हॅचबॅक

नमस्कार सगळ्यांना. गाडी बाबांची आहे, पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल गिअर, बऱ्यापैकी जुनी. पार्किंगमधून बाहेर काढताना पुढचा डावा कोपरा खांबाला चांगलाच लागला. बाबा ठीक आहेत, एअरबॅग उघडल्या नाहीत, गाडी चालवत घरी आणली. बाहेरून दिसतंय ते असं, बंपर कोपऱ्यात फाटलाय वीतभर, डाव्या फेंडरला चाकाच्या वर खोल पोचा आलाय आणि पोच्याच्या मधोमध पत्र्याला घडी पडलीये, हेडलाईटची काच शाबूत आहे पण हाताने धरला की लाईट हलतो. बोनेट लागतं, पण डावीकडची फट उजवीकडच्यापेक्षा जास्त दिसते.

ऑइल, फिल्टर, ब्रेक पॅड हे मी घरीच बदलते, पान्यांचा सेट आणि जॅक-स्टँड आहेत. पत्र्याचं आणि रंगाचं काम मात्र कधी केलेलं नाही. बाबांचा या गाडीवर जीव आहे, दुसरी घ्यायचं नाव काढू देत नाहीत, आणि दुरुस्तीच्या कामात त्यांनाही सोबत घ्यायचंय. सुरुवात कुठून करू? फेंडर ठोकून सरळ करू की बदलू? आणि घरी अजिबात हात लावू नये असं काय काय आहे? नुसती दिसायला नीट झाली असं नकोय मला, बाबा रोज चालवतात ही गाडी.

दहाचा_पाना

ताई, पुट्टी, रंग, पोचा हे सगळं आत्ता बाजूला ठेवा आणि आधी बंपर उतरवा. बाहेरून दिसतो तो बंपर म्हणजे प्लॅस्टिकचं कव्हर, ते दाबलं जातं आणि बरंचसं परत फुगून जागेवर येतं, पण त्याच्या मागचं लोखंड एकदा वाकलं की वाकलेलंच राहतं, म्हणून किरकोळ वाटणाऱ्या धडकेत आत काय झालंय ते कव्हर काढल्याशिवाय कळतच नाही.

काढायच्या आधी सगळ्या बाजूंनी फोटो घ्या, आणि इन्शुरन्स क्लेमचा थोडासाही विचार असेल तर एकही बोल्ट सैल करायच्या आधी कंपनीला कळवा, उघडून ठेवलेल्या गाडीचं नुकसान नंतर पटवून देणं फार अवघड जातं. मग इग्निशन बंद, बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि मॅन्युअलमध्ये सांगितलाय तेवढा वेळ थांबा, एअरबॅगच्या कंट्रोलरमध्ये बॅटरी काढल्यावरही थोडा वेळ चार्ज असतो. पिवळे कनेक्टर दिसले तर ते बहुधा एअरबॅगचे, त्यांना मल्टिमीटर लावू नका. (हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक असती तर नारिंगी केबलपासून लांब राहा एवढंच सांगून मी थांबलो असतो.)

बंपर वरून ग्रिलजवळ, खालून आणि दोन्ही चाकांच्या आतल्या लायनरला स्क्रू आणि क्लिपांनी धरलेला असतो. त्या क्लिपांची मधली पिन आधी वर काढायची आणि मग आख्खी क्लिप, सरळ उचकटली की तुटते. जुन्या गाडीत थोड्या तुटणारच, जास्तीच्या आणून ठेवा. कडेला फेंडरखाली अडकलेला असतो तिथे बाहेरच्या दिशेने ओढा, आणि फॉग लाईटची वायर असेल तर ती सोडवल्याशिवाय पूर्ण खेचू नका. दोघं असाल तर उत्तम, बाबांना एक बाजू धरायला द्या.

आत काय बघायचं: क्रॅश बीम, म्हणजे कव्हरमागचा आडवा लोखंडी दांडा, सरळ आहे का, बीम जिथे बोल्टने बसतो त्या चेसिसच्या तोंडाशी पत्रा चुरगळलाय का, तिथला रंग तडकलाय का, सीलंट फाटलंय का. रंग तडकणं हे लपलेलं वाकणं ओळखायची सगळ्यात सोपी खूण आहे. मग रेडिएटर आणि त्याच्या पुढचा एसीचा कंडेन्सर. कंडेन्सरच्या जाळीवर कुठे तेलकट डाग दिसला तर गॅस तिथून गेलेला असतो. त्याचे पाइप घरी उघडायचे नाहीत, गॅस दाबाखाली असतो, त्वचा गोठवतो आणि हवेत सोडणं वातावरणालाही वाईट. कुलंटची पातळी इंजिन थंड असताना बघा, गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही हे तुम्हाला माहीत असेलच. खाली सांडलेलं कुलंट लगेच पुसून घ्या, चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि ते विषारी आहे.

आणि बोनेटचा लॉक! फट वाढलीये म्हणताय, मग लॉक आणि त्याचा दुसरा हुक, दोन्ही दहादा उघडबंद करून बघा. चालत्या गाडीत बोनेट उघडून काचेवर आलं तर पुढचं काहीच दिसत नाही.

पत्रा_आणि_रंग

फेंडरचं मी सांगतो, कारण आयुष्य पत्र्यात गेलंय. तुमच्या नशिबाने पुढचा फेंडर बहुतेक गाड्यांत बोल्टवर बसतो, वेल्डिंग नसतं. हाच पोचा मागच्या चाकावर असता तर तो पत्रा बॉडीला वेल्ड केलेला असतो आणि माझं उत्तर वेगळं असतं. घडी पडलीये म्हणालात, म्हणजे पत्रा तिथे ताणला गेलाय. नुसता गोल पोचा मागून ढकलून निघतो, घडी तशी निघत नाही. नवशिक्याने घडीवर हातोडा घातला की पत्रा आणखी ताणतो, मग बोटाने दाबलं की आत जातो, सोडला की टप करून बाहेर येतो, आणि ते घालवणं माझ्यासारख्यालाही त्रासाचं. तेव्हा माझं मत बदला. भंगारात निघालेल्या त्याच मॉडेलचा, त्याच रंगाचा फेंडर मिळाला तर रंगाचाही निम्मा त्रास वाचेल. घेताना कडेला गंज आणि आतून जुनी पुट्टी बघून घ्या, जाड पुट्टीवर चुंबक नीट चिकटत नाही.

जुना सोडताना बोल्ट कुठे होते तिथे मार्करने खुणा करा, भोकं मुद्दाम मोठी असतात सरकवायला. नवा लावताना सगळे बोल्ट आधी सैल ठेवा, बोनेट आणि दाराशी फट सारखी करा, मग आवळत जा. दार सावकाश उघडून बघा, फेंडर मागे सरकलेला असेल तर दाराची कड घासते आणि रंग जातो.

तरी हौस असेलच तर जुन्या फेंडरवर हात बसवा, टाकून द्यायच्या पत्र्यासारखं शिकायला काही नाही. पत्र्याच्या मागे डॉली, म्हणजे हातात धरायचा लोखंडी ठोकळा, धरायची, कडेच्या उंचवट्यापासून सुरुवात करून मधे यायचं, हलके हलके ठोके, घाव घालायचा नाही. पुट्टी घासून झाल्यावर ३ मिलीमीटरच्या वर उरायला नको. हार्डनर वजनाने साधारण २ टक्के, लवकर सुकावं म्हणून जास्त घातला की वरच्या रंगावर डाग येतो. घासायला ८० चा पेपर, मग १८०, मग ३२०, कायम ठोकळ्यावर गुंडाळून, नुसत्या बोटांनी घासलं तर लाटा पडतात आणि त्या रंग मारल्यावरच दिसतात. प्रायमरवर काळ्या स्प्रेचा अगदी हलका फवारा मारा आणि पाण्याने घासा, जिथे काळं उरेल तिथे खड्डा.

रंगाबाबत एकच गोष्ट कळकळीने सांगतो. हार्डनर घालून मारायचा टू-के क्लिअर कोट घरच्या गॅरेजमध्ये मारू नका. त्यात आयसोसायनेट असतं, त्याने कायमचा दमा होऊ शकतो, धुळीचा मास्क तिथे काहीच कामाचा नाही. आम्ही बाहेरून स्वच्छ हवा येणारा मास्क लावून काम करतो. आणि मेटॅलिक रंग असेल तर कोड बरोबर असला तरी शेड जुळत नाही, शेजारच्या पॅनलवर हळूहळू मिसळत न्यावी लागते. पत्रा घरी तयार करा, रंग बूथमध्ये मारून घ्या, त्यात काही कमीपणा नाही.

टेप_लावा_आधी

वरच्या दोघांनी छान सांगितलंय, मी फक्त धडक शोषणाऱ्या भागांबद्दल लिहिते कारण माझं काम त्यातलंच. गाडीचा पुढचा भाग चुरगळण्यासाठीच बनवतात, म्हणजे धक्का माणसांपर्यंत कमी पोचतो. बेला बारेन्यी या इंजिनिअरची ही कल्पना, १९५९ च्या मर्सिडीज डब्ल्यू १११ पासून ती विक्रीच्या गाडीत आली. क्रॅश बीम, त्यामागचे चुरगळून धक्का शोषणारे पोकळ लोखंडी डबे आणि चेसिसचे पुढचे दांडे ठरलेल्या क्रमाने दबले जातात. एकदा दबलेला डबा ओढून लांब केला तर तो दिसतो पहिल्यासारखा, पण पुढच्या धडकेत तो कसा वागेल सांगता येत नाही. बीम वाकला असेल तर बदलायचा, सरळ करायचा नाही. आणि गॅसच्या ज्योतीने गरम करून तर नाहीच नाही, आजच्या गाड्यांत जागोजागी बोरॉन स्टील असतं, १५०० मेगापास्कलच्या आसपास ताकद असलेलं, आणि ती ताकद गरम केल्यावर जाते.

घरच्या घरी टेपने एवढं मोजा: चाकं अगदी सरळ करून दोन्ही बाजूंना पुढच्या चाकाच्या केंद्रापासून मागच्या चाकाच्या केंद्रापर्यंत अंतर. मग बोनेट उघडून दोन्ही सस्पेन्शन टॉवरच्या (शॉक अब्सॉर्बरचं वरचं टोक बसतं त्या जागेच्या) बोल्टपासून समोरच्या विरुद्ध कोपऱ्यापर्यंत तिरकं अंतर. दोन्ही बाजूंत चार-पाच मिलीमीटरच्या पुढे फरक आला तर गाडी मोजमापाच्या बेंचवर न्या. (जुन्या रेनो ४ ला मुळातच पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर डावीकडे आणि उजवीकडे वेगळं होतं, मागचे टॉर्शन बार, म्हणजे स्प्रिंगचं काम करणारे दांडे, एकामागे एक आडवे असल्यामुळे. तुमच्या गाडीत तसं नसणार.)

निळी_हॅचबॅक

खूप खूप आभार, एवढं सविस्तर कुणी सांगेल वाटलं नव्हतं. बंपर उतरवला. क्रॅश बीम सरळ आहे, चेसिसच्या तोंडाशी रंग कुठेही तडकलेला नाही, तिरकी मापं जुळली. रेडिएटर कोरडा, कंडेन्सरची जाळी कोपऱ्यात थोडी दबलीये पण तेलकट काही नाही. रेडिएटरच्या वरची पातळ पट्टी डावीकडे आत गेलीये, त्यामुळेच बोनेटची फट वाढली असावी, लॉक आणि हुक दोन्ही लागतात. हेडलाईट बसवायचे दोन प्लॅस्टिकचे कान तुटलेत, तुकडे बंपरमध्येच सापडले. फेंडर बदलायचं ठरवलं, बाबा तर जुन्या फेंडरवर हातोडा घेऊन बसलेच आहेत.

एक गोष्ट खटकतेय. डावं पुढचं चाक कमानीत मागे सरकल्यासारखं वाटतं, टेपने डावीकडे ९ मिलीमीटर कमी येतं. आणि बाबा म्हणतात घरी आणताना सरळ रस्त्यावर स्टीअरिंग थोडं उजवीकडे धरावं लागत होतं. अलाइनमेंट केली की होईल ना?

टेप_लावा_आधी

नाही, नुसत्या अलाइनमेंटने होणार नाही, आणि कृपया तोवर बाबांना गाडी देऊ नका. चेसिस जागेवर आणि चाक मागे, म्हणजे लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) किंवा नकल (चाकाचं हब बसतं तो भाग) वाकलंय, किंवा आर्म जिथे बसतो ती सबफ्रेम, म्हणजे खालची चौकट, सरकलीये. अलाइनमेंटवाला टाय रॉड (स्टीअरिंगपासून चाकापर्यंतचा दांडा) फिरवून टो, म्हणजे चाकांचा आत-बाहेरचा कल, बरोबर करून देईल, स्टीअरिंग सरळ होईल, पण वाकलेला भाग तसाच राहील. धडक बसलेला आर्म किंवा त्याला नकलशी जोडणारा बॉल जॉइंट खड्ड्यात तुटला तर चाक आडवं होतं. तुम्हाला ब्रेकचं काम येतं तेव्हा आर्म तुम्ही बदलूही शकाल, पण तोच वाकलाय की नकल की सबफ्रेम हे ठरवायला गाडी लिफ्टवर आणि मशीनवर जायला हवी, तीही टो करून. त्याच वेळी टाय रॉड आणि स्टीअरिंग रॅक बघून घ्यायला सांगा. टायरच्या आतल्या बाजूला फुगा आलाय का आणि रिम वाकलीये का ते तुम्ही आजच बघू शकता.

दहाचा_पाना

+१. तपासणीत जो भाग वाकलेला निघेल तो बदलून मगच अलाइनमेंट करा, आधी केलीत तर दुसऱ्यांदा करावी लागेल. आर्मचे रबर बुशवाले बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना, म्हणजे सस्पेन्शनवर वजन आल्यावर शेवटचे आवळा, हवेत आवळले तर बुश पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात.

हेडलाईटच्या कानांसाठी आधी कंपनीचा दुरुस्तीचा कान मिळतो का विचारा, बऱ्याच मॉडेलना स्क्रूने बसणारा तयार मिळतो. बंपरच्या आत प्लॅस्टिकचा प्रकार छापलेला असतो, तिथे पीपी (पॉलिप्रोपिलीन) लिहिलं असेल तर साध्या फेविक्विकसारख्या गोंदाने चीर टिकणार नाही, गरम पिना मारायचं स्टेपलर आणि वरून त्याच प्लॅस्टिकची कांडी वितळवून भरा, आतल्या बाजूने. पीपीवर रंग धरायला प्लॅस्टिकचा खास प्रायमर लागतो, नाहीतर साली निघतात.

निळी_हॅचबॅक

टायरला आतून खरंच छोटा फुगा आहे, बाहेरून काहीच दिसत नव्हतं. बाबांना दाखवला, त्यांनी स्वतःहून चावी कपाटात ठेवली. उद्या टो करून मोजमापाला पाठवतोय. परत आली की हेडलाईट बसवेन, त्याचा झोत घरी सेट करता येतो का?

पत्रा_आणि_रंग

येतो. सपाट जागा, चाकांत हवा बरोबर, आत ड्रायव्हरच्या वजनाचं कुणीतरी बसवा आणि लेव्हलिंगची, म्हणजे झोत वर-खाली करायची, चक्री शून्यावर. भिंतीपासून १० मीटरवर गाडी, डिपरच्या (खालच्या झोताच्या) उजेडाची वरची कड लाईटच्या केंद्राच्या उंचीपेक्षा साधारण १० सेंटीमीटर खाली पडली पाहिजे. कित्येक हेडलाईटवर हा उतार टक्क्यांत छापलेला असतो, तो असेल तर तोच धरा. नवा टायर मात्र जोडीने घ्या, एकाच एक्सलवर एक नवा आणि एक झिजलेला नको.